सीमारक्षक रामचंद्रपंत अमात्य

आमच्या गडमुडशिंगीहून वायव्येस निघालें म्हणजे करवीर नगर ओलांडून पुढें पन्हाळगड लागतो. त्या गडावर रामचंद्र नीळकंठ अमात्य यांची समाधि आहे. राज्याची सीमा कशी राखावी, हें ज्यांनीं स्वानुभवानें जाणलें व लिहून ठेविलें, असे ते पुरुष होते.

पंतांचे वडील निळो सोनदेव शिवछत्रपतींच्या सेवेंत होते. १६७४ सालीं राज्याभिषेकसमयीं पंतांकडे अमात्यपद होतें. पुढें १६८९ सालीं संभाजीमहाराजांचा वध झाला, रायगड पडला आणि राजाराममहाराजांस दूर जिंजीस जावें लागलें. स्वराज्यास त्या वेळीं सीमा अशी उरलीच नव्हती. मोगल फौज गांवोगांवच्या वेशींत उभी होती. महाराजांनीं मागील मुलखाचा सर्व भार पंतांवर सोंपविला व त्यांस हुकुमतपनाह हा किताब दिला. विशाळगड व पन्हाळा यांच्या आश्रयानें, शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक, संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्या साह्यानें, पंतांनीं गेलेले गड परत मिळविण्यास आरंभ केला. १६९२ सालीं पन्हाळा पुनः स्वराज्यांत आला.

या यशाचें मोल मात्र जबर होतें. माणसें शत्रूकडे जाऊं नयेत म्हणून, शिवछत्रपतींनीं आवरून धरलेलीं वतनें या काळांत सढळ हातानें द्यावीं लागलीं. भूमि राखण्यासाठीं भूमीच वांटावी लागली!

१७१५ सालीं कोल्हापूरच्या संभाजीमहाराजांच्या नांवें सिद्ध झालेलें आज्ञापत्र ही पंतांचीच कृति मानली जाते. नवा मुलूख घेतांना किल्ले बांधीत पुढें जावें, किल्ल्याचें स्थळ ठरवितांना आधीं पाणी पाहावें, टोपीकर व्यापाऱ्यांस समुद्रकांठीं वा खाडीच्या मुखाशीं जागा देऊं नये, असा उपदेश त्यांत आहे. तसेंच, वतनाच्या लोभानें वतनदार शत्रूस आधीं मिळतो, असा इशाराही आहे. हा इशारा देतांना पंतांस आपलाच पूर्वकाळ आठवला नसेल काय?

दुर्दैव असें कीं, पंतांच्या देखतच स्वराज्याच्या पोटांत नवी सीमा उमटूं लागली. १७०७ सालीं शाहूमहाराज मोगलांच्या कैदेंतून सुटून आले आणि सातारा व पन्हाळा अशा दोन गाद्या झाल्या. पंत पन्हाळ्याच्या गादीशीं राहिले. १७१६ च्या सुमारास त्यांचें देहावसान झालें. आणि १७३१ च्या तहानें वारणा नदी दोन मराठी राज्यांची सरहद्द ठरली. ज्या वारणेचें पाणी दोन्ही तीरांच्या शेतकऱ्यांनीं एकत्र प्यावें, तिच्याच कांठीं भाऊबंदांचीं ठाणीं बसलीं.

आज वारणा दोन राज्यांची सरहद्द राहिली नाहीं, आणि भारताच्या सीमा तर हिमालयापर्यंत पोंचल्या आहेत. तेथें आपले जवान जागत असतात. परंतु सीमेच्या आंत भावाभावांत कुंपण पडूं न देणें, हें काम सीमेपासून दूर राहणाऱ्या आपणां सर्वांचें आहे. पन्हाळ्यावरील त्या समाधीपाशीं क्षणभर उभें राहिल्यास एवढें तरी ध्यानांत यावें.