बाटलीवरची बाई

दुखणं अंगावर काढणं ही आपल्याकडच्या बायकांची फार जुनी सवय. कंबर दुखते, अंगावर जातं, पाळी चार दिवसांऐवजी दहा दिवस चालते, चाळिशी उलटली की भर थंडीत घाम फुटतो आणि कानशिलं तापतात. बाई यातलं काही घरात बोलत नाही. फार तर शेजारणीच्या कानावर घालते. शेजारीण एखादा काढा सुचवते आणि दोघी आपापल्या कामाला लागतात. हे फक्त आपल्याच आळीत घडतं, असं आपल्याला वाटत असतं. पण दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही थेट असंच चाललं होतं. तिथल्या अशाच एका काढा देणाऱ्या शेजारणीची ही हकिगत आहे. लिडिया पिंकहॅम हे तिचं नाव. एके काळी तिचा चेहरा अमेरिकेतल्या घराघरांत ओळखीचा होता.

मला या बाईंबद्दल कुतूहल वाटलं ते मेथीमुळे. जुन्या औषधांविषयी वाचता वाचता त्यांच्या काढ्यातल्या जिनसांची यादी समोर आली. युनिकॉर्न रूट, लाइफ रूट, ब्लॅक कोहोश, प्लुरिसी रूट ही अमेरिकेतल्या रानावनातली चार नावं, आणि पाचवी चक्क मेथी! बाळंतिणीच्या लाडवातली, माझ्या आजीच्या फडताळात डिंक, हळीव आणि बाळंतशोपेच्या शेजारी बसणारी मेथी सातासमुद्रापलीकडच्या बाटलीत भेटावी, याची मोठी गंमत वाटली. मग ही बाई होती तरी कोण, हे शोधल्याशिवाय राहवेना.

लिडियाबाईंचा जन्म ९ फेब्रुवारी १८१९ चा, बॉस्टनजवळच्या लिन या गावचा. लिन म्हणजे चपला-बुटांच्या धंद्याचं गाव. बारा भावंडांत त्यांचा नंबर दहावा. माहेर एस्टेस यांचं, क्वेकर पंथातलं, साधं पण विचारांनी धीट. गुलामगिरीच्या प्रश्नावर आपल्या पंथाची भूमिका बोटचेपी वाटली म्हणून या कुटुंबाने पंथाशी फारकत घेतली. गुलामीतून पळून आलेले आणि पुढे थोर वक्ते म्हणून नावाजलेले फ्रेडरिक डग्लस काही वर्षं लिनमध्ये राहत होते. एस्टेस कुटुंबाशी त्यांचा स्नेह होता. लिडिया सोळाव्या वर्षीच गावातल्या स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी मंडळात दाखल झाल्या. पुढे त्या शाळेत शिकवू लागल्या. चारचौघींत उभं राहून बोलायची सवय त्यांना अशी लहानपणीच लागली होती.

१८४३ साली त्यांचं लग्न आयझॅक पिंकहॅम यांच्याशी झालं. आयझॅक विधुर होते, पदरी एक मुलगी होती. स्वभाव भला, पण झटपट श्रीमंत व्हायची भारी हौस. एक धंदा सोडायचा, दुसरा धरायचा. आज हात वर तर उद्या खाली. लिडियाबाईंना पाच मुलं झाली, त्यातलं एक तान्हेपणीच गेलं. संसार ओढताना घरातली आणि शेजारपाजारची दुखणीखुपणी त्या स्वतःच बघत. जॉन किंग या डॉक्टरांचा वनस्पतींच्या औषधांचा एक जाडजूड ग्रंथ त्यांच्या घरी होता, आणि एका वहीत त्या उपाय टिपून ठेवत. बायकांच्या तक्रारींवरचा त्यांचा काढा गावात गाजला होता. मागायला येणाऱ्या शेजारणीला तो फुकट मिळे.

त्यांना डॉक्टरकडे जाववत नव्हतं का? त्या काळची डॉक्टरी आठवली की बायका काढ्याकडे का वळत, ते कळतं. डॉक्टर बहुतेक पुरुषच. अनेक रोगांवर पाऱ्याची औषधं सर्रास दिली जात. १८७२ साली जॉर्जियातल्या रॉबर्ट बॅटी या डॉक्टरांनी पाळीच्या तक्रारींवर आणि मानसिक त्रासावर उपाय म्हणून बाईची अंडाशयंच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. ती अंडाशयं चांगली असली तरी! जंतुनाशनाची पद्धत अजून सगळीकडे रुळलेली नव्हती; पोट उघडलेल्या कितीतरी बायका त्यातून उठत नसत. बायकांनी स्वतः डॉक्टर व्हावं म्हटलं, तर दारं बंद. बॉस्टनमधल्या हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाने मुलींना प्रवेश दिला तो थेट १९४५ साली. तेव्हा शेजारणीचा काढा ही केवळ भाबडी समजूत नव्हती. पुष्कळदा तो शहाणपणाचा निर्णय होता.

१८७३ साली अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली आणि आयझॅकचा डोलारा कोसळला. माणूस खचला, आजारी पडला, घर कर्जात बुडालं. तेव्हा लिडियाबाई चौपन्न वर्षांच्या होत्या. घरची आठवण अशी सांगतात की, शेजारच्या सालेम गावाहून काही अनोळखी बायका काढा मागायला आल्या आणि त्यांनी पैसे पुढे केले. मुलांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: आई जे फुकट वाटते ते विकता येईल! १८७५ साली धंदा सुरू झाला. चुलीवर काढा उकळायचा, गाळायचा, बाटल्या भरायच्या. एका बाटलीचा भाव एक डॉलर, सहा घेतल्या तर पाच. औषधाची माहिती देणारी पत्रकं लिडियाबाई स्वतः लिहीत. मुलगी शाळेत शिकवून पगार घरात देई. डॅन आणि विल हे मुलगे पत्रकांचे गठ्ठे घेऊन दारोदार हिंडत. डॅन तर पार न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनपर्यंत जाऊन आला.

मग एक धाडस झालं. हातात जेमतेम पैसे असताना मुलाने साठ डॉलर मोजून ‘बॉस्टन हेरल्ड’च्या पहिल्या पानावर ते पत्रकच छापून आणलं. घरी आकांत उडाला असणार! पण दोन-चार दिवसांतच घाऊक व्यापाऱ्यांच्या मागण्या येऊ लागल्या. त्यानंतर जाहिरात हाच या धंद्याचा प्राण झाला. १८७९ साली आणखी एक युक्ती सुचली. जाहिरातीत आईचाच चेहरा छापायचा. काळा रेशमी पोशाख, गळ्याशी पांढरी लेस, चापून बसवलेले केस आणि शांत, समंजस नजर. साठीची ही बाई बघितली की कुणालाही आपली आजी किंवा मावशी आठवावी. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत बाईचं चित्र दिसणंच विरळा. हा चेहरा देशभर पोचला आणि ओळखीचा झाला.

पण माझ्या मते त्यांचं खरं यश चेहऱ्यात नव्हतं आणि बाटलीतही नव्हतं. ते पत्रांत होतं. जाहिरातीत आवाहन असे: आपलं दुखणं मिसेस पिंकहॅमना लिहून कळवा, तुमचं पत्र कुणी पुरुष वाचणार नाही. आणि पत्रांचा पूर आला! शेतावर एकट्या राहणाऱ्या, गिरणीत दहा-बारा तास उभ्या राहणाऱ्या, पाच-सहा बाळंतपणांनी खंगलेल्या बायका आयुष्यात प्रथमच आपलं दुखणं शब्दांत मांडत होत्या. लिडियाबाई उत्तरं देत. औषध घ्या हे त्यात असेच. पण चालायला जा, स्वच्छता राखा, नीट जेवा, विश्रांती घ्या, हेही असे. पाळी म्हणजे काय, गर्भ कसा राहतो, पाळी जाताना शरीरात काय होतं, हे सरळ भाषेत सांगणारी पुस्तिका त्यांनी वाटली. तोवर आईनेही मुलीला जे सांगितलेलं नसे ते त्या पानांत होतं.

यश आलं आणि पाठोपाठ दुःखही आलं. १८८१ च्या अखेरीस दोन-तीन महिन्यांच्या अंतराने डॅन आणि विल हे दोन्ही कर्ते मुलगे क्षयाने गेले. घरोघर हिंडून हा धंदा उभा करणारे हेच दोघे. आई दुसऱ्यांच्या घरचे आजार बरे करायला निघालेली, आणि तिच्या स्वतःच्या घरात तिचा काढा काही करू शकला नाही. पुढच्याच वर्षी लिडियाबाईंना पक्षाघाताचा झटका आला आणि १७ मे १८८३ रोजी त्या वारल्या.

इथे मला एक योगायोग चुटपुट लावून जातो. त्या मे महिन्यात आपली एक अठरा वर्षांची मराठी मुलगी बोटीवर होती. ७ एप्रिलला तिने कलकत्ता सोडलं होतं आणि जूनच्या आरंभी ती न्यूयॉर्कला उतरली. ती म्हणजे आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी झालेलं तिचं बाळ दहा दिवसांतच दगावलं होतं. परक्या पुरुष डॉक्टरला बायका आपलं दुखणं दाखवत नाहीत, म्हणून बायकांना बाईच डॉक्टर हवी, हे तिने निघण्यापूर्वी सेरामपूरच्या सभेत सांगितलं होतं. लिनची लिडिया आणि कल्याणची आनंदी यांची भेट होणं शक्यच नव्हतं. पण दोघींनी बोट ठेवलं होतं ते एकाच दुखऱ्या जागेवर. एकीने त्यावर बाटली काढली. दुसरी फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन बसली आणि १८८६ साली पदवी घेऊन बाहेर पडली. त्याच १८८६ साली मुंबईत कामा रुग्णालय उघडलं, तिथे बायकांना तपासायला बायकाच डॉक्टर होत्या. आनंदीबाईंना स्वतः फार रुग्ण तपासता आले नाहीत. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयानेच त्या गेल्या. पण वाट मात्र पडली.

लिडियाबाई गेल्या तरी मिसेस पिंकहॅम काही गेल्या नाहीत! पत्रं येतच राहिली, आणि कंपनीत बसलेल्या बायका त्याच नावाने उत्तरं देत राहिल्या. बाटलीवर तोच शांत चेहरा. अखेर १९०५ साली ‘लेडीज होम जर्नल’चे संपादक एडवर्ड बॉक यांनी लिनच्या दफनभूमीतल्या लिडियाबाईंच्या थडग्याचा फोटोच छापला. ज्या बाईला तुम्ही मनातलं लिहिता आहात तिला जाऊन बावीस वर्षं झाली, हे वाचून किती जणींच्या पोटात खड्डा पडला असेल! पुढच्या वर्षी, १९०६ साली, अमेरिकेत अन्न आणि औषधांबाबतचा कायदा आला आणि बाटलीत किती मद्यार्क आहे ते छापणं भाग पडलं. तो निघाला अठरा टक्के, म्हणजे द्राक्षांच्या साध्या वाइनपेक्षाही जास्त. वनस्पतींचा अर्क उतरावा आणि टिकावा म्हणून तो घातला जाई, हे खरंच. आपल्याकडच्या आसव-अरिष्टांतही आंबवताना थोडा मद्यार्क तयार होतोच आणि आज त्याचं प्रमाण बाटलीवर छापलेलं असतं. पण लिडियाबाई दारूबंदीच्या कट्टर पुरस्कर्त्या होत्या आणि त्यांचं औषध घेणाऱ्या कितीतरी जणी दारूला शिवतही नसत. त्यांना थोडी हुशारी वाटायची ती कशाने, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मद्यार्काचं प्रमाण पुढे कमी करण्यात आलं. तरीही खप वाढतच गेला. १९२५ साली विक्री सुमारे अडतीस लाख डॉलरवर पोचली. त्याआधी १९२२ मध्ये मुलगी अॅरोलीन हिने आईच्या स्मरणार्थ सालेमला माता आणि बालकांसाठी दवाखाना काढला. या घराण्याचं सर्वांत निर्मळ काम मला हेच वाटतं. पुढे औषधशास्त्र सुधारलं, बाटली मागे पडली, १९६८ साली कंपनी विकली गेली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये या बाईंवरचं एक विनोदी गाणं खूप गाजलं. आयुष्यभर गंभीर चेहऱ्याने वावरलेल्या बाई अखेर थट्टेचा विषय झाल्या.

मग ही बाई भोंदू म्हणायची का? माझं मन तसं म्हणायला तयार होत नाही. तिचा आपल्या काढ्यावर विश्वास होता. त्यातल्या ब्लॅक कोहोशवर पाळी जातानाच्या त्रासासाठी अलीकडेही संशोधन झालं. निष्कर्ष मात्र उलटसुलट आले, आणि काही जणांच्या यकृताला त्याने अपाय झाल्याच्याही नोंदी आहेत. पण पोटातल्या गाठीसुद्धा या औषधाने विरघळतात, असा दावा तिच्या जाहिरातींत होता, आणि तिथे मला तिला माफ करता येत नाही. कारण गर्भाशयाच्या कर्करोगाने रक्तस्राव होत असलेली एखादी बाई विश्वासाने बाटल्यांवर बाटल्या रिचवत राहिली असेल, तर तिचे जे महिने गेले ते कुणी परत दिले?

हा प्रश्न जुना झालेला नाही. आज आपल्याकडे गावोगावी स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, त्यांत बायकांची संख्याही मोठी आहे. तरीही दुखणं अंगावर काढलं जातं आणि मोबाइलवर आलेला कुणाचा तरी काढा आधी उकळला जातो. पाळी गेल्यावर वर्षाने पुन्हा रक्त दिसलं, पाळी आठ-दहा दिवस थांबेनाशी झाली, अंगावरच्या पांढऱ्या जाण्याला दुर्गंधी आली, स्तनात गाठ लागली, तर त्यावर काढा नव्हे, तपासणी हवी. तीही लगेच. मेथीचे लाडू हिवाळ्यात जरूर करावेत, बाळंतिणीला कौतुकाने द्यावेत. पण लाडू वळता वळता घरातल्या बाईला तब्येत कशी आहे हेही विचारावं, आणि ती सांगू लागली की हातातलं काम बाजूला ठेवून ऐकावं. लिडियाबाईंना लाखो पत्रं आली, ती विचारणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून.