रुडॉल्फ डिझेल

दिवाळी सरली की पश्चिम महाराष्ट्रात उसाचा हंगाम सुरू होतो. त्या दिवसांत साखर कारखान्याच्या वाटेवर क्षणभर उभे राहून पाहावे. एकाच ट्रॅक्टरमागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन दोन ट्रॉल्या डुलत चाललेल्या असतात. चढ लागला की ट्रॅक्टरचा आवाज घोगरा होतो, त्याची गती मंदावते. पण तो थांबत नाही. इतक्यात शेजारून एखादी फटफटी भुर्रकन पुढे निघून जाते. फटफटीच्या टाकीत पेट्रोल असते आणि ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेल. दोन्ही इंधने एकाच खनिज तेलापासून काढलेली. मग जड ओझ्याचे काम एकाकडे आणि चपळ प्रवासाचे काम दुसऱ्याकडे, अशी वाटणी का बरे झाली असावी?

या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या चरित्रात दडलेले आहे. आपण ज्या तेलाला डिझेल म्हणतो, त्याला हे नाव त्या माणसावरून पडले. त्याचे नाव रुडॉल्फ डिझेल.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरात झाला. त्याचे आईवडील मूळचे जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे. वडील पुस्तकबांधणीचे व चामड्याच्या वस्तू बनविण्याचे काम करीत. घरची स्थिती बेताचीच होती. तयार झालेला माल हातगाडीवर लादून गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचविण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. ओझे ओढताना अंगाला घाम कसा फुटतो, याची ओळख त्याला बालपणीच झाली.

कामातून सवड मिळाली की तो पॅरिसमधील यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन बसे आणि तेथील यंत्रांची चित्रे काढी. त्या संग्रहालयात क्युन्यो नावाच्या फ्रेंच अभियंत्याने तयार केलेली वाफेची गाडी ठेवलेली होती. जड तोफा ओढून नेण्यासाठी १७७० च्या सुमारास ती बनविण्यात आली होती. माणसाच्या व जनावराच्या खांद्यावरचे ओझे यंत्राने उचलावे, ही माणसाची किती जुनी इच्छा!

१८७० साली फ्रान्स व जर्मनी यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमध्ये राहणाऱ्या जर्मन कुटुंबांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब चंबुगबाळे आवरून लंडनला गेले. तेथे उपजीविका होणे कठीण झाले, तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतील आउग्सबुर्ग या गावी नात्यातील एका गणित-शिक्षकांच्या घरी पाठविण्यात आले. आईवडिलांपासून दूर, परक्या गावात राहण्याचा तो प्रसंग होता. पण रुडॉल्फ खचला नाही. त्याने अभ्यासात मन गुंतविले. चौदाव्या वर्षीच आपण अभियंता व्हायचे, असा निश्चय त्याने केला आणि तसे आईवडिलांना पत्राने कळविले. पुढच्याच वर्षी तो शाळेच्या परीक्षेत पहिला आला.

आता मुलाने चार पैसे मिळवावेत, अशी आईवडिलांची अपेक्षा होती. रुडॉल्फला मात्र शिष्यवृत्ती मिळाली आणि १८७५ साली तो म्युनिकच्या तंत्रविद्यालयात दाखल झाला. तेथे त्याला कार्ल फॉन लिंडे हे थोर गुरू लाभले. शीतयंत्रांच्या विद्येत लिंडे यांचे नाव जगभर झाले आहे. एके दिवशी वर्गात लिंडे यांनी वाफेच्या यंत्राचा हिशेब मांडला. कोळसा जाळून जेवढी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी शेकडा सहा ते दहा भागच कामी येतो. उरलेली सारी उष्णता धुराड्यातून व वाफेबरोबर वाया जाते, असे त्यांनी दाखवून दिले. इतर विद्यार्थ्यांनी ते वहीत उतरवून घेतले आणि ते विसरून गेले. रुडॉल्फच्या मनाला मात्र त्या आकड्यांनी घर केले. शंभर पोती धान्य पेरून दहाच पोती पदरात पडावीत, तसा हा प्रकार! याहून काटकसरीचे यंत्र करता येणार नाही काय, हाच त्याला ध्यास लागला.

१८७९ साली अंतिम परीक्षेच्या वेळी तो विषमज्वराने आजारी पडला. परीक्षा हुकली. पुढील परीक्षेची वाट पाहत त्याने स्वित्झर्लंडमधील एका यंत्रशाळेत हातांनी काम केले. १८८० च्या जानेवारीत तो परीक्षेस बसला आणि उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. त्यानंतर लिंडे यांच्या व्यवसायात तो पॅरिस व बर्लिन येथे बर्फाची यंत्रे उभारण्याचे काम करू लागला. दिवसा पोटाचा उद्योग व रात्री मनातील यंत्राचा विचार, असा क्रम दहा-बारा वर्षे चालला.

मुलांनो, सायकलीत हवा भरताना पंपाचे टोक गरम झालेले तुम्ही अनुभवले असेल. हवा दाबली की ती तापते. डिझेलच्या यंत्राचे सारे रहस्य या साध्या गोष्टीत आहे. पेट्रोलच्या यंत्रात हवा व पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण आत घेऊन दाबतात आणि विजेच्या ठिणगीने ते पेटवितात. हे मिश्रण फार दाबले तर ते ठिणगी पडण्यापूर्वीच अवेळी पेटते आणि यंत्रात ठोके बसू लागतात. म्हणून त्याच्या दाबाला मर्यादा पडते. डिझेलने वेगळी वाट धरली. त्याने केवळ हवाच आत घ्यायची ठरविले. ती इतकी दाबायची की तिचे तापमान इंधन पेटण्याइतके चढावे. मग नेमक्या क्षणी इंधन आत सोडायचे. ते ठिणगीवाचून आपोआप पेट घेईल! आधी इंधन आत नसल्यामुळे ते अवेळी पेटण्याचे भय नाही. दाब जितका अधिक, तितके त्याच उष्णतेतून अधिक काम मिळते, हे गणित त्याला ठाऊक होते.

१८९२ साली त्याने या कल्पनेच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी आपले विचार एका पुस्तकात प्रसिद्ध केले. अनेक विद्वानांनी नाके मुरडली. एवढा दाब सोसणारे यंत्र बनणार तरी कसे, असा त्यांचा आक्षेप होता. पण आउग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याने त्याला साहाय्य देऊ केले. क्रुप या प्रसिद्ध पोलाद कारखान्यानेही खर्चाचा भार उचलला.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या यंत्रात इंधन सोडण्यात आले. तोच कानठळ्या बसविणारा स्फोट झाला! दाब मोजण्याचे उपकरण फुटून त्याचे तुकडे आसपास उडाले. यंत्र काही स्वतःच्या बळावर चालले नाही. दुसरा एखादा निराश झाला असता. डिझेलला मात्र त्या अपयशातही आनंद झाला. इंधन ठिणगीवाचून पेटते, एवढे तरी सिद्ध झाले होते.

त्याने यंत्राचा आराखडा बदलला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा बिघाड, पुन्हा दुरुस्ती. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी कारखान्यातील पट्ट्याच्या साहाय्याने यंत्र फिरविले जात होते. इतका वेळ पट्टा यंत्राला ओढत होता. अकस्मात यंत्रच पट्ट्याला ओढू लागले. जवळ उभ्या असलेल्या कारागिराच्या लक्षात ते प्रथम आले आणि त्याने मुकाट्याने डोक्यावरची टोपी काढून डिझेलला अभिवादन केले, असे सांगतात. यंत्र चालले ते जेमतेम मिनिटभर. पण त्या एका मिनिटामागे कित्येक वर्षांची तपश्चर्या होती. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण यंत्रांनाही लागू पडते.

आणखी तीन वर्षे गेली. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी नव्या यंत्राची रीतसर परीक्षा घेतली. सुमारे साडेचार टन वजनाचे आणि जवळजवळ वीस अश्वशक्तीचे ते यंत्र इंधनातील उष्णतेचा शेकडा २६ हून थोडा अधिक भाग कामी लावीत होते. लिंडे यांच्या वर्गात ऐकलेल्या आकड्यांना विद्यार्थ्याने दिलेले हे उत्तर होते. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात या यंत्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेथे एक डिझेल यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले, ही गोष्ट आपल्याकडील वाचकांस मोठी कौतुकाची वाटेल.

डिझेलच्या मनात मुळात एक सामाजिक हेतू होता. वाफेची प्रचंड यंत्रे श्रीमंत कारखानदारांनाच परवडत. त्यांच्यापुढे सुतार, विणकर, चामडे कमाविणारा असा लहान कारागीर टिकत नसे. अशा कारागिराच्या दारी स्वस्तात चालणारे यंत्र पोहोचावे, ही त्याची इच्छा होती. वडिलांचे छोटे दुकान आणि आपली हातगाडी तो विसरला नव्हता. पण घडले उलटेच. त्याचे यंत्र अतिशय जड व महाग पडे. त्यामुळे पहिल्याने ते मोठ्या कारखान्यांनी व जहाजांनी उचलले. १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या आमुंडसेनच्या ‘फ्राम’ जहाजात डिझेल यंत्र होते. १९१२ साली ‘सेलांडिया’ हे डेन्मार्कचे मोठे जहाज डिझेल यंत्रांच्या बळावर महासागरात उतरले.

कीर्ती व धन दोन्ही आली. पण सुख आले नाही. एकस्वावरून वादविवाद माजले. अतिश्रमाने प्रकृती ढासळली आणि त्याला काही काळ रुग्णालयात काढावा लागला. म्युनिकमध्ये त्याने भव्य वाडा बांधला, पैसा निरनिराळ्या व्यवहारांत गुंतविला आणि त्यांत त्याला मोठी खोट आली. इंधनाच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या पैशाचा हिशेब मात्र साधला नाही. कर्जाचा बोजा वाढत गेला आणि त्याने तो मनातच ठेवला. यंत्राला न पेलणारे ओझे लावू नये, हे जाणणाऱ्याने आपले ओझे आप्तमित्रांत वाटून घेतले असते तर किती बरे झाले असते!

२९ सप्टेंबर १९१३ रोजी तो बेल्जममधील अँटवर्प बंदरातून ‘ड्रेस्डेन’ नावाच्या आगबोटीने इंग्लंडला निघाला. रात्री जेवण करून तो आपल्या खोलीकडे गेला. सकाळी पाहतात तो खोली रिकामी! बिछान्याची घडीही मोडलेली नव्हती. काही दिवसांनी एका डच नौकेतील खलाशांना समुद्रात एक प्रेत आढळले. त्याच्या खिशातील वस्तू डिझेलच्या मुलाने ओळखल्या. त्या रात्री नेमके काय घडले, याविषयी अनेक तर्क करण्यात आले. पण निश्चित उलगडा आजवर झालेला नाही. त्या वेळी त्याचे वय अवघे पंचावन्न वर्षांचे होते.

माणूस गेला, पण काम थांबले नाही. आरंभीच्या यंत्रात इंधन फवारण्यासाठी हवेचा मोठा दाबयंत्र-सरंजाम लागे. तो गाडीवर कसा मावणार? पुढील अभियंत्यांनी यंत्र लहान व हलके केले. १९२४ च्या सुमारास जर्मनीत डिझेलवरील मालमोटारी धावू लागल्या. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ पासून इंधन फवारणारे पंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागले आणि मार्ग मोकळा झाला. १९३१ साली अमेरिकेतील कॅटरपिलर कारखान्याने डिझेलवर चालणारा, जड ओझी ओढणारा ट्रॅक्टर विक्रीस आणला.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू या. ट्रॅक्टर डिझेलवरच का? त्याचे यंत्र मंद गतीने फिरत असतानाही चाकाला मोठा जोर देते. म्हणून जड ट्रॉली जागची हलविणे व चढ चढणे त्याला साधते. उच्च दाब सोसण्यासाठी त्याचे भाग भक्कम घडविलेले असतात; त्यामुळे दिवसभर ओझे ओढूनही ते टिकते. तेवढ्याच कामाला त्याला इंधनही कमी लागते. पण प्रत्येक गुणासोबत दोष असतोच. हे यंत्र जड असते, महाग असते, कडाक्याच्या थंडीत चटकन सुरू होत नाही आणि त्याच्या धुरातील काजळी व विषारी वायू आरोग्यास अपायकारक असतात. पेट्रोलचे यंत्र हलके, स्वस्त व चपळ असते. मात्र जड ओझे जोडले की त्याला गती वाढवावी लागते आणि ते इंधन भराभर पिते. म्हणून यंत्र निवडताना ओझे किती, वाट किती लांब, चढ कसे आणि असे काम वर्षातून किती दिवस, हे आधी विचारावे. ज्याला वर्षातून एकदाच हलकी गाडी ओढायची आहे, त्याने डिझेलचा खर्च कशाला करावा? आणि ज्याला रोज ऊस वाहायचा आहे, त्याने पेट्रोलच्या चपळाईला कशाला भुलावे?

१९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना स्थापन झाला. लहान डिझेल इंजिने महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोहोचली. जेथे बैलांच्या मोटेने पाणी उपसले जाई, त्या विहिरींच्या काठी इंजिनाची फटफट ऐकू येऊ लागली आणि मळ्यांतून पाणी खळाळू लागले. लहान माणसाच्या दारी यंत्र पोहोचावे, ही पॅरिसमध्ये हातगाडी ओढणाऱ्या मुलाची इच्छा होती. ती त्याच्या हयातीत अपुरी राहिली; पण अशा कित्येक विहिरींच्या काठी ती पुरी झाली.