श्रमातून सन्मान : कर्मयोगी बाबा आमटे

व्याधीपेक्षा समाजाचा बहिष्कार अधिक दाहक असतो, हे जाणणारे मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे सधन जमीनदार कुटुंबात झाला.

वरोरा येथे वकिली करीत असताना कुष्ठरोगाने जर्जर झालेला तुळशीराम त्यांना रस्त्याकडेला दिसला. निर्भय म्हणून ओळखले जाणारे बाबा त्या क्षणी भयाने दूर पळाले. त्या भयाची लाज वाटून ते परतले, त्याची शुश्रूषा केली आणि पत्नी साधनाताईंसह याच कार्यास त्यांनी आयुष्य वाहिले.

१९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळील खडकाळ जमिनीवर सहा रुग्णांसह आनंदवन सुरू झाले. शेत पिकले, परंतु कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी घेण्यास गिऱ्हाईक धजेना. परदेशी स्वयंसेवक तेथे राहून तेच अन्न जेवले, तेव्हा लोकांचा संकोच ओसरला. भिक्षेची जागा श्रमाच्या मोलाने घेतली. पुढे अंध व मूकबधिर मुलांच्या शाळा, अपंगांसाठी संधिनिकेतन निघाले. १९६४ मध्ये तेथेच महाविद्यालय उघडले आणि समाजाने ज्यांना दूर लोटले, त्यांच्याच अंगणात सुदृढ तरुण शिकू लागले.

९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबांचे देहावसान झाले. १८९८ चा कुष्ठरोगी कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्तांनाही स्थान मिळाले. मात्र कायदा मनाचे भय घालवू शकत नाही. सावद्याच्या पेठेत दिव्यांग बांधवाला दयेपोटी दान नव्हे, तर हक्काचे काम व योग्य दाम मिळावे, हीच या कर्मयोग्यास खरी आदरांजली ठरेल.