घोडनदीच्या माशांची मराठी नावं जगभर नेणारा साहेब : कर्नल विल्यम साईक्स

आहुप्याच्या घाटमाथ्यावर उगम पावणारी घोडनदी डिंभ्याला धरणात अडते. पुढं घोडेगाव, कळंब करत ती शिरूरकडं जाते. शिरूरला तर जुनी माणसं आजही घोडनदी म्हणूनच ओळखतात. याच नदीतल्या एका माशाचं नाव गेली एकशे ऐंशीहून अधिक वर्षं जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत आहे. माशाचं शास्त्रीय नाव मुसुल्ला आणि त्याचं मूळ ठिकाण म्हणून नोंद आहे शिरूरच्या घोडनदीची. ही नोंद केली कर्नल विल्यम हेन्री साईक्स यानं. पक्षी मारणारा, मासे मोजणारा, लेण्यांतले लेख उतरवून घेणारा आणि गावोगावची आकडेवारी गोळा करणारा हा कंपनी सरकारचा अधिकारी होता.

तेराव्या वर्षी फौजेत

साईक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायर भागातला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत त्याची भरती झाली १८०३ मध्ये. म्हणजे आजच्या हिशेबानं सातवी-आठवीतलं पोरगं. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात तो होता. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली, त्यातही तो कंपनीच्या बाजूनं लढला. त्या लढाईनंतर काही महिन्यांतच पेशवाई बुडाली आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरचा सगळा मुलूख कंपनीकडं गेला.

मुलूख जिंकला, पण त्यात काय आहे याचा पत्ता कंपनीला नव्हता. गावं किती, माणसं किती, पीक कोणतं, पाऊस किती, पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क काय, मिरासदार कोण आणि उपरी कोण, हे सगळं समजल्याशिवाय सारा बसवता येत नव्हता. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानं १८२४ मध्ये साईक्सला या कामावर नेमलं. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांची माहिती गोळा करायची होती. त्या वेळी साईक्स चौतीस वर्षांचा होता.

हे काम रयतेच्या भल्यासाठी सुरू झालं नव्हतं, हे लक्षात ठेवायला हवं. कंपनीला महसूल हवा होता. पण साईक्सनं हुकमापेक्षा बरंच जास्त केलं. तो तंबू घेऊन गावोगाव फिरला. हवेचा दाब आणि उष्णतामान मोजलं, डोंगरांच्या उंच्या काढल्या, खडक पाहिले, जमीनधारणेच्या पद्धती लिहून घेतल्या. आणि या सरकारी कामाच्या बरोबरीनं झाडावरचं पाखरू आणि डोहातला मासाही टिपत गेला.

जुन्नरची लेणी आणि कोकणकड्याचं इंद्रवज्र

जुन्नरच्या डोंगरांतल्या बौद्ध लेण्यांतले शिलालेख साईक्सनं उतरवून घेतले. त्या काळी ब्राह्मी लिपी वाचता येणारा कुणी उरला नव्हता. जेम्स प्रिन्सेप यानं ती उलगडली १८३७ मध्ये, आणि साईक्सनं उतरवलेले जुन्नरचे लेखही त्याच वर्षी छापून आले. अर्थ लागत नसताना अक्षर जसं दिसलं तसं उतरवणं, ही त्याची खोड होती. पुढं माशांच्या बाबतीत हीच खोड कामाला आली.

जुन्नरच्या उत्तरेला हरिश्चंद्रगड आहे. त्याच्या कड्यावर उभं राहिलं, पाठीमागं सूर्य असला आणि समोर दरीत धुकं भरलेलं असलं, की गोल इंद्रधनुष्य दिसतं आणि मधोमध आपलीच सावली. त्याला इंद्रवज्र म्हणतात. साईक्सनं ते पाहिलं आणि दख्खनच्या हवामानावरच्या आपल्या निबंधात लिहिलं. हा निबंध १८३५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. आज पावसाळ्यात कोकणकड्यावर येणारे ट्रेकर साईक्सचं नाव घेतात ते यामुळं.

बंदूक, भोरड्या आणि पोटातले दाणे

त्या काळात पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे शिकारच. दुर्बीण लावून पाखरू ओळखायची पद्धत नव्हती. बंदुकीनं टिपायचं, कातडं सोलायचं, पेंढा भरायचा आणि पेटीतून विलायतेला पाठवायचं. साईक्सनंही तेच केलं. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. मारलेल्या पाखराचं पोट चिरून तो आत काय आहे ते पाही आणि लिहून ठेवी. दाणे निघाले की किडे, टोळ निघाले की सरडे, याची नोंद करी.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं ही नोंद मोलाची. पाखरू पिकावर बसलं म्हणून ते पीकच खातंय असं नसतं. पुष्कळ वेळा ते कणसातली अळी टिपत असतं. खरं काय ते पोटातूनच कळतं.

भोरड्यांच्या बाबतीत मात्र साईक्सला शंका राहिली नाही. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैना थंडीत मध्य आशियाकडून थव्याथव्यांनी येते. ज्वारी-बाजरी भरात आली की आभाळ काळं व्हावं एवढे थवे शेतावर उतरतात, बंदुकीच्या एका बारात चाळीस-पन्नास पडतात आणि टोळधाडीसारखंच नुकसान करतात, असं त्यानं नोंदवलं. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्या इथल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायची गरज नव्हती. गंमत अशी की याच भोरड्या उन्हाळ्यात मायदेशी टोळांवर जगतात आणि तिथला शेतकरी त्यांची वाट पाहतो. एकच पाखरू इथं चोर आणि तिथं राखणदार.

१८३२ मध्ये साईक्सची दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र सोसायटीनं छापली. त्यातले बरेच पक्षी शास्त्राला नवे होते. आपल्या ओढ्याकाठी मान आखडून बसणारी ढोकरी ही त्यातलीच एक. माळरानावरची लावरी, रातव्याची एक जात यांनाही शास्त्रीय नाव दिलं ते साईक्सनंच. त्या रातव्याच्या नावात तर त्यानं मराठा मुलूखच घातला. त्याआधी वर्षभर, १८३१ मध्ये, त्यानं कोळसुंद्याचं वर्णन छापलं होतं. टोळीनं शिकार करणाऱ्या या रानकुत्र्याला त्यानं दख्खनचं नाव दिलं.

भोयांनी सांगितलं, साहेबानं लिहिलं

साईक्सचं सगळ्यात मोठं काम मात्र माशांवरचं. घोड, भीमा, मुळा-मुठा आणि इतर नद्यांतल्या चाळीसहून अधिक माशांचं वर्णन त्यानं केलं. हे काम १८३९ पासून लंडनमध्ये छापून आलं. परांत काटे किती, खवले किती, अंगाची लांबी-रुंदी किती, सगळं मोजून लिहिलेलं.

त्या काळचे युरोपी शास्त्रज्ञ नव्या प्राण्याला शक्यतो लॅटिन शब्द किंवा एखाद्या मोठ्या माणसाचं नाव देत. साईक्सनंही काही माशांना तशी नावं दिली. पण बहुतेकांना त्यानं नदीकाठी ऐकलेलं मराठी नावच लावलं. शिंगटी, मळ्या, खुदरी, फुलुंगी, टाकरी ही नावं तशीच्या तशी शास्त्रात गेली. एका माशाच्या थोबाडावर आडवी खोल खाच असते. त्याचं नाव नुक्ता. मराठी माणसाला ते ऐकताच नकटा आठवणार. उच्चार इंग्रजी कानातून गेल्यामुळं थोडे वाकडे झाले. घोडनदीचं तर गोरेह झालं. तरी मूळ शब्द ओळखू येतो.

ही नावं साईक्सच्या डोक्यातून आलेली नव्हती. जाळं टाकणारे, गळ लावणारे, डोहाचा ठाव माहीत असलेले भोई आणि कोळी ही नावं पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. कोणता मासा खडकाला चिकटून राहतो, कोणता पहिल्या पावसात चढणीला लागतो, कोणत्याच्या काट्यानं हात सुजतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांची नावं कुठल्या शोधनिबंधात आली नाहीत, पण त्यांचे शब्द टिकले.

नमुना हरवला, नाव उरलं

शास्त्रात एखाद्या प्राण्याला नाव देताना त्याचा मूळ नमुना संग्रहालयात जपून ठेवतात. पुढं वाद झाला तर तो नमुना काढून पाहतात. साईक्सच्या बऱ्याच माशांचे असे मूळ नमुने आज कुठंच सापडत नाहीत. मग तो मासा नेमका कोणता, हे ठरवायचं कसं? त्यानं केलेलं वर्णन, काही चित्रं, नदीचं नाव आणि ते मराठी नाव, एवढाच पुरावा हाती राहतो.

घोडनदीच्या मुसुल्ल्याचं असंच झालं. पुढच्या अभ्यासकांनी त्याला महाशीर मानलं. कर्नाटकातल्या कावेरीत वशिंड असलेला एक अवाढव्य महाशीर होता, त्यालाही हेच नाव चिकटवण्यात आलं. शेवटी २०१३ मध्ये अभ्यासकांनी साईक्सचं लिखाण पुन्हा तपासलं आणि दाखवून दिलं, की मुसुल्ला महाशीर नाहीच. तो वेगळ्याच प्रजातीतला मासा आहे. कावेरीतल्या महाशीराची खरी शास्त्रीय ओळख पटायला २०१८ उजाडलं. तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर पोचला होता. चुकीच्या नावाखाली मासा राहिला, की त्याचं काय चाललंय हे कुणाच्या लक्षात येत नाही.

खुदरीची गोष्ट याच्या उलट आहे. पुण्याच्या मुळा-मुठेतून साईक्सनं नोंदवलेला हा महाशीर लोणावळ्याजवळ वळवणच्या केंद्रात वाढवला गेला. त्याचं बीज दूरदूरच्या नद्यांत सोडलं, अगदी कावेरीतसुद्धा. तिथं तो इतका माजला की तिथल्या मूळ महाशीराला जागा उरली नाही. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडणं म्हणजे पुण्यच, असा समज होता. तो खरा नव्हता.

अखेरपर्यंत आकड्यांत

साईक्सचं पद सरकारनं १८२९ मध्ये बंद केलं. हाती घेतलेलं काम पुरं करून तो १८३१ मध्ये मायदेशी गेला. १८३४ मध्ये लंडनला संख्याशास्त्राची सोसायटी निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता आणि पुढं तिचा अध्यक्षही झाला. १८४० मध्ये तो कंपनीच्या संचालक मंडळावर गेला, १८५६ मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला. पुढच्याच वर्षी इकडं उठाव झाला आणि १८५८ मध्ये कंपनीचं राज्यच संपलं. साईक्स १८५७ पासून स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनचा खासदार होता. १६ जून १८७२ ला लंडनमध्ये त्याचं निधन झालं. बरोबर शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, भारतात वन्यजीव संरक्षण कायदा आला. साईक्सनं बंदुकीनं केला तसा पक्ष्यांचा अभ्यास आता गुन्हा ठरतो.

डिंभ्याच्या पाण्यात आज काय

साईक्सच्या वेळी घोडनदी मोकळी होती. पहिल्या पावसात मासा शिरूरकडून वर चढू शकत होता. आज वाट अडलेली आहे. डिंभ्याचा हुतात्मा बाबू गेनू सागर हे आंबेगाव, जुन्नर, शिरूरच्या शेतीचं मोठं बळ आहे, यात शंका नाही. याच पाण्याखाली जमिनी गेलेल्या आदिवासींनी पुढं सहकारी संस्था काढून जलाशयात मासेमारी सुरू केली, हेही खरं. पण धरणांत बीज सोडलं जातं ते कटला, रोहू, मृगळ यांचं. त्यात वजन येतं आणि बाजार मिळतो. वाहत्या पाण्यातले, खडकाळ तळाचे मासे धरणाच्या साचलेल्या पाण्यात टिकत नाहीत. मुसुल्ला आणि नुक्ता ही दोन्ही नावं आज जगाच्या धोक्यातल्या माशांच्या यादीत आहेत.

मासा जातो तेव्हा त्याचं नावही जातं. ज्या मासेमारानं पन्नास वर्षं नदी पाहिली, त्याला वीस-पंचवीस जातींची नावं सांगता येतात. त्याच्या नातवाला चार. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. गावातलं झाड, पाखरू, मासा आणि त्याचं गावातलं नाव त्यात लिहायचं असतं. साईक्सनं हेच काम एका परक्या सरकारसाठी दोनशे वर्षांपूर्वी केलं. आज ते गावानं गावासाठी करायचं आहे. आहुप्यापासून शिरूरपर्यंतच्या घोडकाठच्या ग्रामसभांनी जुन्या मासेमारांना बोलावून ही नावं उतरवून घेतली, तर नोंदवहीचं ते पान कोरं राहणार नाही.