उपाशी माणसे मोजणारा बुधचा गणिती

साताऱ्याच्या पूर्वेला खटाव तालुक्यात बुध नावाचे गाव आहे. हा भाग कमी पावसाचा. पीक हाती लागेल की नाही, ही चिंता इथल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. याच गावात २७ जुलै १९११ रोजी पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म झाला. पुढे त्यांनी साऱ्या जगातल्या भुकेचा हिशेब मांडला. तो करताना जो प्रश्न त्यांनी उभा केला, त्याचे उत्तर आजही सोपे नाही. माणूस उपाशी आहे हे ठरवायचे कसे?

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये गणित घेऊन पदवी मिळाल्यावर सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये गेले. त्या काळी संख्याशास्त्राची ती पंढरीच होती. रोनाल्ड फिशर, एगॉन पिअर्सन आणि येर्झी नेमन ही मंडळी तिथे होती. थोड्या नमुन्यावरून मोठ्या समूहाविषयी खात्रीने काय सांगता येते, याचे गणित तिथे घडत होते. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पण शिते किती घ्यायची, कुठली घ्यायची आणि अंदाज किती चुकू शकतो, हे ठरवायला शास्त्र लागते. याच विषयात सुखात्मे यांनी १९३६ मध्ये पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्सी. मिळवली. भारतात परतल्यावर काही काळ ते कलकत्त्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थमध्ये शिकवत होते. १९४० मध्ये त्यांनी दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचे काम हाती घेतले.

तेव्हा पिकाचा अंदाज आणेवारीने काढला जाई. महसूल कर्मचारी नजरेने पीक पाही आणि सोळा आण्यांपैकी इतके आणे, असे लिही. सारा माफ करायचा की नाही, धान्य बाहेरून आणायचे की नाही, हे सारे या नजरेवर ठरे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने धान्याच्या चुकीच्या आकड्यांची किंमत किती भयंकर असते, ते दाखवून दिले. सुखात्मे यांनी वेगळी पद्धत रुजवली. चिठ्ठ्या टाकाव्या तशी गावे निवडायची, गावातली शेते निवडायची, शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा आणि तेवढे पीक कापून, मळून प्रत्यक्ष वजन करायचे. आज पीकविम्यामुळे शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला पीक कापणी प्रयोग याच परंपरेतला.

तुकड्याचे माप किती असावे, यावरून त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी मोठा वाद झाला. महालनोबिस लहान तुकडे वापरत. लहान तुकड्यांमुळे उत्पादन वाढीव दिसते, हे सुखात्मे यांनी प्रयोगाने दाखवले. कारण समजायला सोपे आहे. एक मीटर बाजूच्या चौकोनात एक चौरस मीटर क्षेत्राला चार मीटर कड येते. दहा मीटर बाजूच्या चौकोनात तेवढ्याच क्षेत्राच्या वाट्याला जेमतेम चाळीस सेंटिमीटर. कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे वळतो. कड जितकी जास्त, तितकी ही चूक मोठी. विनायक गोविंद पानसे यांच्यासह त्यांनी लिहिलेले शेती संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक पुढे कृषी महाविद्यालयांतून पिढ्यांनी वापरले.

पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. जगातली दोनतृतीयांश माणसे उपाशी आहेत, असे त्या संघटनेचे पहिले प्रमुख लॉर्ड बॉइड ऑर सांगत आणि जग ते मान्य करी. सुखात्मे यांना या आकड्यामागचे गणित पटेना. १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी आपला अंदाज मांडला. पोटभर न मिळणारे लोक जगात १० ते १५ टक्के, आणि पोषणातली इतर कमतरता धरली तर सुमारे निम्म्यापर्यंत. पुढे याच सोसायटीने त्यांना गाय रौप्यपदक दिले.

त्यांचा युक्तिवाद डॉक्टरांनाही विचार करायला लावणारा होता. समजा, एका गटाची सरासरी गरज रोजची २४०० किलोकॅलरी आहे. गटातला प्रत्येक जण आपल्या गरजेइतके व्यवस्थित जेवतो. तरीही साधारण निम्मी माणसे २४०० च्या खालीच दिसतील, कारण त्यांची गरजच सरासरीहून कमी आहे. सरासरीलाच भुकेची रेघ मानली, तर धडधाकट माणसेही उपाशी ठरतात.

प्रथिनांबद्दलही त्यांनी प्रवाहाविरुद्ध भूमिका घेतली. साठच्या दशकात प्रथिनांच्या टंचाईची जगभर हाकाटी होती. सुखात्मे यांनी आहाराचे आकडे तपासले आणि सांगितले, की धान्य आणि डाळ पुरेशी खाल्ली तर प्रथिने बहुतेकांना मिळतात. ४०० ग्रॅम ज्वारीतून सुमारे ४० ग्रॅम आणि ५० ग्रॅम डाळीतून आणखी अकराएक ग्रॅम प्रथिने मिळतात. पण पोटच भरले नाही, तर शरीर आहे ती प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. म्हणजे खरी उणीव भाकरीची आहे, महागड्या पावडरीची नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. सी. गोपालन यांचे संशोधनही याच दिशेने जात होते. पुढे तज्ज्ञ समित्यांनी प्रथिनांच्या गरजेचे आकडे खाली आणले.

१९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर पुण्यात त्यांनी कॅलिफोर्नियातील वैद्यक संशोधक शेल्डन मार्गेन यांच्यासह पुढचे पाऊल टाकले. एकाच माणसाचे खाणे आणि खर्च दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलत असतो. हा बदल नुसता योगायोगाचा नाही, शरीर काही मर्यादेत ऊर्जा वापरण्याची काटकसर स्वतः साधते, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे भुकेची रेघ सरासरीच्या बरीच खाली हवी.

इथे वाद पेटला. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये २२५० किलोकॅलरींच्या आधारावर ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले ५० टक्के लोक गरीब ठरवले होते. सुखात्मे यांची रेघ लावली की हा आकडा खूपच घटे. दांडेकरांनी त्यांना जोरदार उत्तर दिले. प्रथिनांच्या प्रश्नावर त्यांच्या बाजूचे असलेले गोपालन इथे विरोधात उभे राहिले. शरीर जुळवून घेते खरे, पण त्याची किंमत मोजते. मूल खुरटते, मजूर हातचे काम कमी करतो, थकलेली आई मुलाकडे कमी पाहते. वजन टिकले म्हणजे तब्येत टिकली, असे नाही. ही टीका रास्त होती आणि शरीराच्या आपोआप काटकसरीचा तो सिद्धांत जसाच्या तसा पुढे मान्य झाला नाही.

मात्र सुखात्मे यांना भूक नाकारायची नव्हती. नुसते धान्य वाढवून कुपोषण हटणार नाही, असे ते म्हणत. दूषित पाण्याने वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाच्या अंगी अन्न लागत नाही. म्हणून स्वच्छ पाणी, संडास आणि ताटातली हिरवी भाजी यांचा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत धरला. आज बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात.

२८ जानेवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने केंद्र सरकार संख्याशास्त्रातला राष्ट्रीय पुरस्कार देते. अन्न व कृषी संघटना दरवर्षी जगातल्या भुकेल्यांचा जो आकडा देते, त्यामागच्या पद्धतीचा पाया सुखात्मे यांच्या कामात आहे. तो आकडा वाचताना दोन प्रश्न विचारावेत: रेघ कुठे ओढली, आणि रेघेच्या जरा वर राहिलेल्या माणसाचे काय?