पुन्हा पाठवलेला प्रबंध

आपल्या वस्तीत बाबासाहेबांचे चरित्र सांगताना ते प्रत्येक परीक्षेत पहिले आले असे सांगायची सवय पडली आहे. ते खरे नाही. आणि नापास झालेली पोरं ते ऐकून घाबरतात.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसून शिकले. मुंबईला परळच्या डबक चाळीत एकच खोली. चूल, जातं, सरपण आणि सगळं कुटुंब तिथंच. सुभेदार रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागायचे, मग पोराला अभ्यासाला उठवून स्वतः आडवे व्हायचे. थोरले बंधू आनंदराव शाळा सोडून कामाला लागले, म्हणून भीमरावांची शाळा टिकली. आनंदरावांचे नाव आपण घेत नाही, घेतले पाहिजे.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत मिळाले नाही, फारशी घ्यावी लागली. १९०७ साली मॅट्रिक, म्हणजे त्या काळची विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, ते ७५० पैकी २८२ गुणांनी पास झाले. शेकडा अडतीससुद्धा नाहीत! पण केळुसकर गुरुजींनी गुण मोजले नाहीत, पोरगा ओळखला. सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडून महिना २५ रुपये मिळवून दिले.

१९१३ ला अमेरिका, १९१६ ला लंडन. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. बुद्धी कमी पडली नव्हती, पैसा कमी पडला होता. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले, आणि १९२० ला पुन्हा लंडन गाठले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२२ साली दिला. परीक्षकांनी तो दुरुस्तीसाठी परत केला. तोवर खिसा रिकामा, म्हणून मुंबईला आले, इथे बसून तो पुन्हा लिहून पाठवला. १९२३ साली डी.एस्सी. झाले.

मी गिरणीत रात्रपाळी करून मॅट्रिकला दोनदा बसलो. पहिल्या खेपेला इंग्रजीत गेलो, तेव्हा हा परत आलेला प्रबंध मला कोणी सांगितला नव्हता.

पुढे १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज. तिथले वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्या पोरांना तास आटोपून कामावर जाता येई.