मलिक अंबर : मिरास आणि महसूल

वारशातील संपत्तीवर कर असावा का, या वादात मलिक अंबर यांचे चरित्र अवश्य आठवावे. हबश देशात जन्मून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या अंबर यांना वारशाने काहीच मिळाले नव्हते. निजामशाहीचे वजीर झाल्यावर १६१० मध्ये त्यांनी खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले. महसूल मक्त्याने देण्याची रीत मोडून त्यांनी जमिनीचा कस व प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवला. शेतकऱ्याची मिरास मात्र वारसांकडेच राखली. ‘मिरास’ हा शब्द मूळ अरबी, अर्थ वारसा. उश्रही पिकावरच असतो. १६२६ मध्ये अंबर अल्लाहला प्यारे झाले. खुलताबादेत त्यांची कबर आहे. मक्तेदाराला आवर आणि वारसाला अभय, हा त्यांचा न्याय आपण आजच्या करांना लावून पाहावा.